तू का मानतेस?

३१ डिसेंबरच्या रात्री अहिल्यानगरच्या चर्चमध्ये दहा-साडेदहापासूनच माणसं येऊ लागतात. शाली, स्वेटर, कानटोप्या. लहान मुलं आईच्या मांडीवर पेंगुळलेली. गीतं होतात, शास्त्रपाठ होतो, मग साक्षी सुरू होतात. सरत्या वर्षात देवाने आपल्यासाठी काय केलं, हे उभं राहून चारचौघांत सांगायचं. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाचा मुलगा नोकरीला लागला, कुणी नवरा गमावूनही उभं राहिलं. बाराच्या सुमाराला प्रार्थना होते आणि मग सगळे एकमेकांना शुभेच्छा देत सुटतात.

ही रीत अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधून जगभर पसरली. ब्रिस्टलजवळच्या किंग्सवुडमधले कोळसा खाणकामगार शनिवारची रात्र गुत्त्यात काढत. त्यांच्यातले जे मेथडिस्ट झाले, ते ती रात्र प्रार्थनेत घालवू लागले. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याला ही कल्पना पटली. तो अशा सभा पौर्णिमेच्या आसपास ठेवी, म्हणजे लोकांना चांदण्यात घरी परतता येई. पुढे ही जागरणं वर्षअखेरीला येऊन स्थिरावली. १८६२ च्या ३१ डिसेंबरला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळ्या अशाच जागल्या, कारण दुसऱ्या दिवशी लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू व्हायचा होता.

वेस्लीने १७५५ मध्ये आणखी एक उपासना सुरू केली. तीत मंडळी देवाशी केलेला करार नव्याने करतात. मेथडिस्ट चर्चमध्ये ती आजही नववर्षाच्या सुरुवातीला होते. एकदा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं की विषय संपला, असं तिथे धरलेलं नाही. वर्ष बदललं की माणसाने पुन्हा उभं राहून सांगायचं: हो, अजूनही.

नगरच्या एका घरात यंदा नेमका यावरूनच वाद झाला. मावशी मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झालेली परिचारिका. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. चार-पाच वर्षांपासून चर्चला जाणं त्याने सोडलेलं. नाताळच्या फराळातल्या उरलेल्या करंज्या आणि चिवडा पुढ्यात होता. उपासनेला निघायला अजून दोन तास होते.

"मावशी, एक विचारू?" तो म्हणाला. "तू साक्ष देशील तेव्हा देशील. मला आत्ता सांग, तू का मानतेस? आई-बाप मानत होते म्हणून मानतेस, हे तुला मान्य आहे का?"

"आहे की," मावशी म्हणाली. "मी ख्रिस्ती घरात जन्मले. हिंदू घरात जन्मले असते तर बहुधा गणपती बसवला असता. पण तुला जन्माने इंजिनियर केलं का? घरातून मिळालेली गोष्ट आपण पुढे ठेवतो की टाकतो, ते आपलं असतं. तू टाकलीस. मी ठेवली."

"ठीक. पण आपल्या घरात ती आली कशी? पणजोबा महार. दुष्काळात मिशनने धान्य दिलं, काम दिलं, आणि गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. यात येशू कुठे आला? भाकरी आली."

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली तेव्हा नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम जोरात होतं. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं आणि १८३१ मध्ये नगरला. १८४२ मध्ये त्यांनी 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं. त्यांच्या सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळेचा जोतीराव फुल्यांवर प्रभाव पडला. दुष्काळानंतर गावकुसाबाहेरची माणसं मोठ्या संख्येने मिशनकडे वळली. त्यातले सगळे डोंगरावरचं प्रवचन वाचून आले, असं कुणीच म्हणणार नाही.

मावशीनेही ते म्हटलं नाही. "पणजोबांचं कारण भाकरी असेल. पाणी असेल. पाटलाच्या विहिरीवर त्यांना जाता येत नव्हतं. जो माणूस त्यांना घरात घेऊन बाकावर बसवत होता, त्याचा देव त्यांना खरा वाटला, तर त्यात कमीपणा कसला? भुकेल्याला खायला देणं हे येशूच्या शिकवणीच्या बाहेरचं आहे का? उलट तूच हिशेब मांड. भाकरीसाठी झाले म्हणतोस, तर आज राहतात कशासाठी?"

तिचा रोख कायद्याकडे होता. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला मुख्यतः हिंदू दलित धरले होते. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. महार किंवा मांग समाजातून ख्रिस्ती झालेल्याला महाराष्ट्रात इतर मागासवर्गात जागा मिळते. अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे १ टक्क्याहूनही कमी. इथे कागदावर ख्रिस्ती राहण्यात नफा काही नाही.

"हे मान्य," भाचा म्हणाला. "पण मग हेही मान्य कर. चर्चमध्ये जात संपली का? लग्न जमवताना 'मूळचे कोण' हे आपल्याकडे विचारत नाहीत का?"

"विचारतात. मला त्याची लाज वाटते," मावशी म्हणाली. "पण ज्या पुस्तकावरून आपल्याला ती लाज वाटते, ते पुस्तक मी त्यामुळे टाकत नाही."

इथपर्यंत वाद समाजाचा होता. खरा प्रश्न पुढे होता: एकट्या माणसाकडे मानण्याचं त्याचं स्वतःचं असं काय कारण असतं?

मराठीत या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. मावशीने दोन-तीन माणसांच्या गोष्टी सांगितल्या. नारायण वामन टिळक राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात होते. एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळक पुस्तक वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. धर्माबद्दल डोक्यात असलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांना तिथे दिसली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. बायको, मुलगा, नातलग सगळे दुरावले.

त्यांची बायको लक्ष्मीबाई तेव्हा सोबत गेल्या नाहीत. त्या वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही सोवळंओवळं त्यांनी सोडलं नाही. मग केव्हातरी त्यांचा विचार थेट जातीपाशी जाऊन थांबला: देवाने माणूस केला, जात माणसाने केली. त्या दिवसापासून त्यांचं सोवळं सुटलं. १९०० च्या सुमारास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचणाऱ्याला कळतं की ही बाई नवऱ्यामागे फरपटत गेलेली नाही. एकाच घरात दोन माणसं दोन निराळ्या कारणांनी एका ठिकाणी पोचली.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून अवघड. दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या धर्मभगिनींकडे त्या राहत होत्या, त्यांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक काम दाखवलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे माणूस म्हणून वागवलं जात होतं. हे कशामुळे, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय मिळाला. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे झालेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, तो. भारतातल्या विधवांना उठवेल अशी ताकद आपल्याला इथे दिसली, असं त्यांनी पुढे लिहिलं.

पण बाप्तिस्म्यानंतर त्या गप्प बसल्या नाहीत. त्रैक्य, कुमारीजन्म, चर्चचा अधिकार या सगळ्यांवर त्या धर्मभगिनींशी पत्रांतून भांडल्या. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जायला त्या तयार नव्हत्या. १९०७ च्या आपल्या निवेदनात त्यांनी सांगितलं, की आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडला तो त्यानंतर आठेक वर्षांनी.

"म्हणजे बघ," मावशी म्हणाली, "रमाबाईंनासुद्धा एका दिवसात सगळं मिळालं नाही. वर्षं लागली. मग माझी कारणं वीस वर्षांपूर्वी होती तीच आज असतील असं का धरतोस?"

भाच्याने टिळकांचा धागा पुन्हा उचलला. "१८९५ म्हणालीस ना? त्याच वर्षी जूनमध्ये समाजसुधारक आगरकर गेले. आयुष्यभर दारिद्र्य, दमा, शिव्या. पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. देवाचा आधार घेतला नाही. आपल्या अंत्यविधीसाठी पैसे वेगळे बांधून ठेवले होते म्हणतात, कुणावर भार नको म्हणून. टिळकांनी किंमत मोजली, आगरकरांनीही मोजली. किंमत मोजली म्हणून गोष्ट खरी ठरत असेल, तर दोघंही खरे ठरतात. आणि दोघं एकदम खरे असू शकत नाहीत."

हा मुद्दा बिनतोड होता. त्यागावरून माणसाची सचोटी कळते. त्याचं म्हणणं खरं आहे हे त्यावरून ठरत नाही. मावशीने ते लगेच कबूल केलं.

"आगरकरांपुढे मी हात जोडते. ते प्रामाणिक होते. पण तू मला देव आहे हे सिद्ध करायला सांगितलं नव्हतंस. मी का मानते, असं विचारलं होतंस. त्याचं उत्तर देऊ?"

मग तिने नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट सांगितली. मेडिसिन वॉर्डात एक बेवारस म्हातारा होता. पाठीला, माकडहाडापाशी बेडसोअर. हाताची मूठ जाईल एवढा खड्डा. रात्रपाळीत ड्रेसिंग तिच्याकडे. पहिल्या रात्री तिने मास्कवर रुमाल बांधला, दोन ग्लोव्ह चढवले, चिमट्याने गॉज काढलं आणि जेवढ्यास तेवढं करून निघाली. म्हातारा तोंड भिंतीकडे करून पडला होता. त्याला कळलं होतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला मार्कचा पहिला अध्याय होता. कुष्ठरोगी येतो, गुडघे टेकतो. येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि मग त्याला शुद्ध करतो. मी हा भाग लहानपणापासून ऐकलेला. त्या दिवशी क्रम लक्षात आला. आधी हात लावला, मग बरा केला. नियमाप्रमाणे त्याला शिवणारा माणूस स्वतः अशुद्ध ठरायचा. बरा करून मग हात लावला असता तर कुणी काही बोललं नसतं. पणजोबांना ज्या हातांनी विहिरीवर शिवू दिलं नाही, ते हात मला आठवले. आणि रात्री मी स्वतः जे हात वापरले, तेही."

"मग?"

"मग रात्री रुमाल काढला. मास्क आणि ग्लोव्ह ठेवले, ते ठेवायचेच. आधी खांद्यावर हात ठेवून त्याच्याशी बोलले. नॉर्मल सलाइनने गॉज भिजवून, सुटेपर्यंत थांबून काढलं. अर्धा तास लागला. म्हातारा आठ दिवसांनी गेला. चमत्कार झाला नाही. पण देव असेल तर तो असाच असला पाहिजे, हे मला त्या वॉर्डात पटलं. लांबून शुद्ध करणारा देव मला नको होता."

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा आमट्यांनीही हेच केलं. पावसात पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम बघून आधी पळाले, मग परत फिरले. आनंदवन उभं केलं. त्यासाठी चर्चला जावं लागलं नाही. माणुसकी पुरली."

"पुरली. आणि ख्रिस्ती असूनही न पुरलेले कितीतरी मी बघितलेत. पण मला माझी माणुसकी त्या रात्री पुरली नव्हती, हे मला माहीत आहे. मला कुणीतरी दाखवावं लागलं."

यावर त्याला उत्तर सुचलं नाही. आणि जे सुचत होतं ते वेगळंच होतं. एप्रिल २०२१, कोविडची लाट. त्याचे वडील, म्हणजे मावशीच्या बहिणीचे यजमान. बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले होते. सगळी मंडळी फोनवरून प्रार्थनेत होती. ते वाचले नाहीत. "त्या रविवारी ऑनलाइन उपासनेत कुणीतरी साक्ष दिली, की देवाने माझ्या वडिलांना वाचवलं. मी लॅपटॉप बंद केला. तिथून पुढे चर्चला गेलो नाही. त्यांच्या वडिलांना वाचवणाऱ्याने माझ्या वडिलांना का सोडलं, ते तू सांग."

अशा वेळी दिली जाणारी तयार उत्तरं मावशीला पाठ होती. देवाची योजना, परीक्षा, ते आता अधिक चांगल्या ठिकाणी आहेत. तिने त्यातलं एकही दिलं नाही. वॉर्डात तिने ती फार ऐकली होती आणि ऐकणाऱ्यांचे चेहरेही पाहिले होते.

"मला ते सांगता येणार नाही," ती म्हणाली. "तुझे बाबा गेले त्या रात्री मीसुद्धा देवाशी भांडले. एवढंच सांगते. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः मागितलं, की हा प्याला टळू दे. टळला नाही. वधस्तंभावर त्याने देवाला विचारलं, मला का टाकलंस. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना ते झाकता आलं असतं. झाकलं नाही. ज्याची प्रार्थना ऐकली गेली नाही अशा माणसाला मी प्रभू म्हणते. त्यामुळे माझी प्रार्थना ऐकली गेली नाही म्हणून तो माझ्यापासून लांब जात नाही."

"मग मागायचं कशाला?"

"तू बाबांना हाक मारत होतास, ते व्हेंटिलेटरवर असताना. ऐकू जाईल म्हणून मारत होतास का? आपल्या माणसाला आपण हाक मारतोच."

मावशीने पुन्हा रमाबाईंची आठवण काढली. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला वारल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हाती घेतलेलं मराठी बायबल मधल्या काळातही त्यांनी सोडलं नाही. ते १९२४ मध्ये छापून आलं. त्यांच्या दुःखाचं उत्तर त्यांना मिळालं होतं असं त्यांच्या चरित्रातून दिसत नाही. काम मात्र दिसतं.

"हे धैर्य आहे," भाचा म्हणाला. "मी त्याला मानतो. पण धैर्य वेगळं आणि पुरावा वेगळा. आता सरळ विचारतो. तिसऱ्या दिवशी तो उठला, हे तू खरं धरतेस? की चांगली शिकवण म्हणून चालवून घेतेस?"

"खरं धरते. पौलाने करिंथकरांना लिहिलंय त्याचा अर्थच असा, की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास फुकट. मला पळवाट नको. ते खोटं असेल तर माझी चूक होते आहे, आणि मोठी चूक."

भाचा पुढे सरकून बसला. संध्याकाळपासून पहिल्यांदाच दोघं एका नेमक्या जागेवर समोरासमोर आले होते. चांगलं वागावं की नाही, यावर त्यांचं भांडण नव्हतंच. भांडण होतं ते एका रविवारच्या पहाटेबद्दल.

त्याने मार्कच्या शुभवर्तमानाचा मुद्दा काढला. कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवरच संपतं. बायका घाबरून कबरेपासून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. उठलेल्या येशूचं दर्शन त्या हस्तलिखितांत नाही. पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या.

मावशीला ते माहीत होतं. तिच्या बायबलमध्ये त्या ओव्यांना कंस होते. "पण कबर रिकामी होती, तो उठला आहे, हे त्या आठ ओव्यांतच आलंय. आणि तिथे आधी पोचल्या कोण? मरिया मग्दालिया आणि इतर बायका. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायची असती तर पेत्राला आधी पाठवलं असतं."

"किंवा पुरुष पळून गेले होते, म्हणून गोष्टीत बायकाच उरल्या. प्रेताची व्यवस्था बायकाच बघायच्या. एवढ्यावरून मेलेला माणूस उठला हे मी धरू शकत नाही, मावशी. त्यापेक्षा शोकात माणसांना भास होतात, हे मला जास्त शक्य वाटतं. बाबा गेल्यावर मलाही त्यांचा आवाज ऐकू आला होता."

"मलाही माझ्या आईचा आला होता," मावशी म्हणाली. "पण त्या आवाजासाठी मी तुरुंगात गेले नसते. येशूच्या शिष्यांतले काही गेले."

"आगरकरही गेले तुरुंगात. डोंगरीच्या, एकशे एक दिवस. त्यांना कुठे कबर रिकामी दिसली होती?"

मावशी हसली. पुन्हा त्यांची गाडी त्याच जागी आली होती. पावणेदहा वाजले होते. तिने पर्समध्ये गीतांचं पुस्तक आणि चष्मा टाकला.

"मी येतो सोडायला," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आत बसेनही. बाबांची जागा होती ना, तिसऱ्या रांगेत. पण सगळे उभे राहून विश्वासाचा अंगीकार म्हणतात तेव्हा मी काय करायचं? सगळ्यांसोबत म्हणायचं का?"

"जे तुला खरं वाटत नाही ते म्हणू नकोस," मावशी म्हणाली. "देवापुढे तर नाहीच. माझ्या शेजारी उभा राहा आणि गप्प राहा. कुणी विचारलं तर मी सांगेन, माझा भाचा आहे आणि तो अजून माझ्याशी भांडतोय."